परड्यातली औषधी झाडं : कुंडीत लावण्याआधी, तोंडात घालण्याआधी

घरात औषधी बाग करायची ठरली की नर्सरीतून पंधरा-वीस रोपं एकदम आणली जातात. मृगाचा पाऊस लागतो, आषाढ सरेपर्यंत त्यातली निम्मी मुळाशी कुजतात आणि उरलेल्यांच्या पाट्या कुठंतरी वाहून जातात. मग कोपऱ्यातली ती वेल गुळवेल की आणखी काही, हे घरात कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. कुजलेलं रोप पुन्हा आणता येतं. चुकीच्या ओळखीवर केलेला काढा मात्र यकृताला किंवा मूत्रपिंडाला महागात पडू शकतो. म्हणून पहिल्या वर्षी पाच-सहाच झाडं लावा, त्यांना फूल येईपर्यंत नीट पाहा आणि ओळख पक्की झाल्याशिवाय त्यांचं पानही तोंडात घालू नका.

एक जिल्हा, दोन पावसाळे

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या पट्ट्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बेळगाव शहरात तो साधारण 1,200-1,300 वर येतो, आणि अथणीकडं 500-600 मिलिमीटरवरच भागवावं लागतं. घाटाकडची माती तांबडी, जांभ्याची, थोडी आम्लधर्मी आणि पाणी लवकर सोडणारी. निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणीकडची काळी माती पाणी धरून बसते, सुकली की भेगाळते आणि तिच्यात चुना जास्त असतो. त्यामुळं पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत पाहिलेलं पाण्याचं वेळापत्रक इथं जसंच्या तसं लागू पडत नाही. खानापूरचं वेळापत्रक अथणीलाही चालत नाही.

ओलीकडच्या गावांत अडुळसा, गुळवेल, ब्राह्मी, शतावरी, वेखंड, हळद खुशाल वाढतात. कोरडीकडं कोरफड, अश्वगंधा, तुळस, गवती चहा. निर्गुंडी दोन्हीकडं येते आणि बांधावर कुंपण म्हणून लावली तर जनावरं तिला फारसं तोंड लावत नाहीत.

कुंडीतल्या मातीचं माप घमेल्यानं धरा. तांबडी माती असेल तर दोन घमेली माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, अर्धं घमेलं वाळू. काळी माती असेल तर तिन्ही सारखं, एकास एक. क्रशरची वाळू वापरणार असाल तर आधी धुऊन घ्या, तिच्यातली भुकटी मातीत बसून सिमेंटसारखा थर करते. आपल्याकडं साखर कारखान्यांची मळी (रस गाळून उरलेला घट्ट गाळ, प्रेसमड) स्वस्तात मिळते. ती उत्तम खत आहे, पण ताजी मळी कुजताना तापते आणि कोवळी मुळं भाजतात. ढिगात हात घातल्यावर गरम लागत असेल किंवा आंबूस वास येत असेल तर ती अजून तीन-चार महिने कुजू द्या.

बारा इंची कुंडीत साधारण 14-15 लिटर माती मावते. तुळस, अडुळसा, गवती चहा यांना ती पुरते. मुळांसाठी लावायच्या झाडांना किमान 16 इंच खोली हवी. खानापूरच्या मातीच्या कुंड्यांतून हवा खेळते, म्हणून त्या ओल्या भागात चांगल्या. अथणीच्या एप्रिलात त्याच कुंड्या दुपारपर्यंत कोरड्या पडतात, तिथं प्लास्टिकची कुंडी किंवा जाड ग्रो बॅग बरी.

कुंडीच्या तळाला खडी-विटांचा जाड थर घालायची पद्धत घरोघरी आहे. त्यानं निचरा सुधारत नाही. पाणी मातीतून खडीत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच्या मातीत अडून राहतं आणि मुळांच्या वाट्याची माती तेवढी कमी होते. भोकावर एक खापरी पालथी ठेवली की काम झालं. भोकं मात्र तीन-चार हवीत, करंगळी जाईल एवढी.

तुळस का मरते

सीमाभागात बहुतेक मराठी घरांपुढं वृंदावन असतं, आणि तक्रार सगळीकडं तीच असते: तुळस टिकत नाही. कारणं वृंदावनातच सापडतात. सिमेंटच्या तयार वृंदावनाला तळाला भोक नसतं, किंवा असलं तर मातीनं बुजलेलं असतं. नवं सिमेंट पाण्यात चुना सोडतं. त्यात रोज सकाळी तांब्याभर पाणी, श्रावणात दूध आणि वरून आषाढाची झड. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि गंमत अशी की कुजलेल्या मुळांची तुळस वरून तहानल्यासारखी मान टाकते. ते पाहून घरातलं कुणीतरी आणखी पाणी घालतं.

नवं वृंदावन आठवडाभर पाण्यानं भरून ठेवा आणि रोज पाणी बदला. तळाला ड्रिलनं दोन-तीन भोकं पाडून घ्या. पावसाळ्यात पूजेला पळीभर पाणी पुरे. एरवी बोट दोन पेरं मातीत घालून बघा, आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. दूध, हळद-कुंकू, निरांजनाचं तेल पडणाऱ्या तुळशीची पानं औषधाला घेऊ नयेत. बाजारातल्या कुंकवात काय रंग असतो ते सांगता येत नाही. पूजेची तुळस वेगळी आणि चहा-काढ्याची वेगळी, अशा दोन ठेवा. हा बदल छोटा आहे, पण सगळ्यात आधी करण्यासारखा आहे.

बियांपासून करायची असेल तर फेब्रुवारीअखेर पेरा. ओल्या भागात जून-जुलैत पेरलेली रोपं जमिनीलगत काळी पडून आडवी होतात, ती बुरशी असते. बी मोहरीहूनही बारीक, म्हणून चिमूटभर बी मूठभर बारीक वाळूत मिसळून पसरा आणि तळव्यानं नुसतं दाबा. मातीखाली गाडलं तर उगवत नाही. आठ-बारा दिवसांत कोंब दिसतात. रोपाला सहा पानं आली की हलवा, वीतभर झालं की शेंडा खुडा, म्हणजे बाजूनं फुटवे येतात. मंजिऱ्या दिसू लागल्या की खुडत राहा. बी धरलं की झाडाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते वाळायला लागतं. बियांसाठी एकच फांदी मोकळी सोडा. चांगली राखलेली तुळस दोन-तीन वर्षं जगते, त्यामुळं दरवर्षी एक रोप मागून तयार असावं. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची थंडी पडली की तिची वाढ थांबते आणि पानं जांभळट होतात. तो रोग नाही.

पानं वरून पांढुरकी, ठिपकेदार होऊन आत वळली तर पान उलटून बघा. मागं काळे ठिपके आणि ज्वारीच्या दाण्याहून लहान, जाळीदार पंखांचे काळपट ढेकूण दिसतील. ते पानाचा रस शोषतात. पहिले तीन दिवस पाइपानं पानांच्या मागच्या बाजूला जोरात पाणी मारा. तेवढ्यानं गेले नाहीत तर लिटरभर कोमट पाण्यात 5 मिलि कडुनिंबाचं तेल आणि 1-2 मिलि पातळ साबण घुसळून संध्याकाळी फवारा. त्यानंतर आठवडाभर त्या झाडाची पानं खुडू नका.

निपाणी भागात किडीला तंबाखूचं पाणी मारायची जुनी सवय आहे. खायच्या झाडावर ते कधीच मारू नका. निकोटिन हे जहाल विष आहे, फवारणाऱ्याच्या कातडीतूनही ते अंगात जातं. तंबाखू मळलेल्या हातानं अश्वगंधेच्या, मिरचीच्या, टोमॅटोच्या रोपालाही हात लावू नये. ही तंबाखूच्याच कुळातली झाडं आहेत, आणि तंबाखूच्या पानातला मोझॅक विषाणू सुक्या तंबाखूतही जिवंत राहतो. हात साबणानं धुऊन मगच रोपं हलवा.

फांदीवरून येणारी

अडुळसा, पानओवा, गुळवेल ही फांदीवरून सहज येतात, त्यासाठी नर्सरीत जायची गरज नाही. अडुळशाची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची काडी जूनमध्ये घ्या. खालचा काप तिरका, वरचा सरळ, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. दोन डोळे मातीत, बाकीचे वर. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. मधेच उपटून बघू नका. पानओव्याची फांदी रसाळ असते, कापल्यावर एक दिवस सावलीत ठेवून काप सुकू द्या, मग लावा. ओला काप लगेच लावला की सडतो. हाच तो दोड्डपत्रे, बेळगावच्या कानडी शेजाऱ्यांकडं याची तंबळी (दह्या-ताकातलं कालवण) होते आणि मराठी घरांत भजी.

अडुळशाचं पान लांबट, समोरासमोर, चुरगाळलं की उग्र वास. फूल पांढरं, ओठासारखं उघडणारं, आत जांभळट रेषा. पानात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन हे औषध याच व्हॅसिसिनच्या रचनेवरून तयार झालं, म्हणजे खोकल्यासाठी अडुळसा ही आजीची नुसती समजूत नव्हती. पण हेच द्रव्य गर्भाशय आकुंचित करतं. गरोदर बाईला अडुळशाचा काढा देऊ नये, अगदी थोडाही.

गवती चहाचं बेट दर दोन वर्षांनी उपटून फोडा. मधला भाग निबर होऊन वाळतो, कडेचे फुटवे वेगळे करून लावा. पानावर तांबूस भुकटीचे ठिपके आले तर ती तांबेरा बुरशी आहे, सगळी पानं जमिनीपासून चार बोटं ठेवून कापून टाका, नवी फूट स्वच्छ येते. कोरफडीबद्दल एकच सांगायचं: पान कापलं की ते उभं धरून पिवळा चीक पंधरा-वीस मिनिटं गळू द्या, मग सालीलगतचा थर जाडसर काढा. तो चीक जुलाब करवणारा आहे. तोच वाळवला की काळा बोळ होतो.

गुळवेल: इथं घाई नको

कोरोनाच्या काळात गुळवेल घरोघरी गेली. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं की टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही खरी गुळवेल सुरक्षित आहे, आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पाची गल्लत झाली असावी. वाद कसाही सुटो, घरी वेल लावणाऱ्यानं दोन्ही शक्यता धरून चालावं: ओळख चुकू शकते, आणि खरी असली तरी ती प्रत्येकाला चालत नाही.

ओळखायला नुसतं हृदयाकृती पान पुरत नाही, तसं पान असलेल्या वेली आपल्या कुंपणावर पुष्कळ असतात. आधी देठ बघा. तशीच दिसणाऱ्या पहाडवेलीचा देठ पानाच्या कडेला जुळत नाही, तो पानाच्या मागच्या बाजूला आत जुळतो, छत्रीच्या दांड्यासारखा. गुळवेलीचा देठ खाचेतच, कडेला जुळतो. मग पानाच्या पाठीवरून बोट फिरवा. मऊ लव लागली तर ती गुळवेलीची दुसरी जात आहे, टिनोस्पोरा सायनेन्सिस. खरीचं पान गुळगुळीत असतं. शेवटी खोड. अंगठ्याएवढ्या जुन्या खोडावर कागदासारखी पातळ करडी साल सुटते, नखानं खरवडली की खाली हिरवा थर लागतो. आडवा काप घेतला तर गाभ्यात चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसतात. वरून दोऱ्यासारखी मुळं लोंबत असतात. खोडावर दाटीवाटीनं उंचवटे असतील, चामखिळी उठल्यासारखे, आणि कागदी साल सुटत नसेल, तर ती क्रिस्पा समजून बाजूला ठेवा. कानडीत गुळवेलीला अमृतबळ्ळी म्हणतात, त्यामुळं खानापूरच्या बाजारात विचारताना दोन्ही नावं घ्या, पण विकणाऱ्यानं ‘होय’ म्हटलं एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

लावायची तर जूनमध्ये बोटाएवढी जाड, दोन गाठींची काडी, एक गाठ मातीत. कडुनिंबावर चढवायची पद्धत आहे, झाड मोठं असेल तर हरकत नाही. लहान आंब्यावर किंवा शेवग्यावर सोडली तर ती दोन वर्षांत त्याला झाकून टाकते. तोडायला दुसऱ्या वर्षापासूनचं खोड घ्या.

संधिवात किंवा सोरायसिससारखा, शरीराच्या प्रतिकारशक्तीतून उद्भवणारा आजार असेल, अवयव बसवल्यावर घ्यायच्या गोळ्या चालू असतील, यकृताचं दुखणं असेल, तर गुळवेल घेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगूनच, कारण साखर जास्त उतरू शकते. घेताना लघवी चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना उडाली तर त्याच दिवशी बंद करून रक्ततपासणी करा.

दोन ब्राह्म्या

ब्राह्मी म्हणून आपल्याकडं दोन वेगळी झाडं चालतात. एक बाकोपा: बारीक, जाडसर, चमच्याच्या आकाराची पानं, रसाळ खोड, पांढुरकं-जांभळट पाच पाकळ्यांचं फूल. दुसरी मंडूकपर्णी, कानडीत ओंदेलग, कोकणी माणसांत एकपानी: लांब देठावर एकेक गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं, कातरलेल्या कडेचं पान. दोन्ही औषधी आहेत, पण त्यांतली द्रव्यं वेगळी. नर्सरीत तिसरंही एक मिळतं, शोभेचं, ज्याचा देठ गोल पानाच्या मधोमध जुळलेला असतो. मंडूकपर्णीच्या पानाला देठाशी खोल खाच असते, ती असली तरच घ्या.

दोघींना उथळ, पसरट भांडं लागतं, सहा-आठ इंच खोल, माती कायम ओली, ऊन अर्धंच. अथणी-चिकोडीत मार्चनंतर 50 टक्क्यांची हिरवी जाळी घालावी लागते. भांड्यात फक्त स्वच्छ पाणी घाला. या दोन्ही वनस्पती पाण्यातले शिसे-कॅडमियमसारखे जड धातू शोषून पानात साठवतात. गटाराच्या कडेची टवटवीत ब्राह्मी म्हणूनच घेऊ नये. उसाच्या बांधावरचा माका, भुईआवळा, पुनर्नवाही तसाच सोडून द्या. तणनाशकाचा फवारा कधी झाला हे बांधावरून कळत नाही.

भुईआवळा परड्यात आपोआप उगवतो. त्याची खूण सोपी: पानांच्या दांडीखाली ओळीनं मोहरीएवढी हिरवी फळं लोंबतात. देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ते दुधी नावाचं तण, भुईआवळा नव्हे.

मुळं, आणि विषारी शेजारी

अश्वगंधा घरी लावावी ती शिकण्यासाठी. एका कुंडीतून बोटभर जाडीची चार-सहा मुळं निघतात, त्यावर वर्षाची पूड भागत नाही. जुलैअखेर पेरा, बी एका वर्षापेक्षा जुनं नसावं. आठ-पंधरा दिवसांत उगवते. दाट झाली तर विरळ करा, सोळा इंची कुंडीत दोनच रोपं ठेवा. जोराचा पाऊस असेल तर कुंडी पागोळीच्या आत घ्या, हिला साचलेलं पाणी चालत नाही. पाच-सहा महिन्यांनी खालची पानं पिवळी पडतात आणि कागदी पिशवीतली फळं लाल होतात, तेव्हा मुळं खणा. धुऊन बोटभर तुकडे करा आणि कडक वाळवा. वाकवल्यावर कट् आवाज करून तुटलं पाहिजे, नुसतं वाकलं तर ओल आहे. गरोदरपणी, थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असताना ही घेऊ नये. हिनंही यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत.

शतावरीला धीर लागतो. बी एक दिवस भिजवूनही उगवायला महिना जातो आणि मुळं काढायला दीड-दोन वर्षं.

वेखंड पाणी साचलेल्या टबात छान येतो, पण बाळाला उगाळून चाटवायच्या सवयीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. भारतातल्या वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य जास्त असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यानं कर्करोग झाला म्हणून अमेरिकेनं 1968 मध्ये खाण्यात वेखंड वापरायला बंदी केली. तान्ह्या मुलाला वेखंड पोटात देऊ नका. वाळवलेला तुकडा धान्यात, कपड्यांत घालायला ठेवा.

ईश्वरी वेलीबद्दलही तेच. तिच्यातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लानं मूत्रपिंड कायमचं निकामी होतं आणि कर्करोगही होतो, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. सापाच्या विषावर म्हणून तिची मुळी देणं दोनदा घातक: विष उतरत नाही आणि दवाखान्यात पोचायचा वेळ जातो. वेल फुलपाखरांसाठी राहू द्या, तिच्या पानांवर मोठ्या काळ्या-पिवळ्या सह्याद्री बर्डविंगच्या अळ्या वाढतात. धोतरा, पिवळी कण्हेर, गुंज ही औषधी झाडांच्या ओळीत लावूच नयेत. मुलं त्या ओळीतलं सगळंच खाण्याचं समजतात.

भीमगडच्या जंगलातून मुळं, रोपं खणून आणू नका. अभयारण्यातून वनस्पती काढणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि नरक्यासारखी झाडं आधीच औषधाच्या मागणीपायी पश्चिम घाटात विरळ झाली आहेत.

तोडणी आणि वाळवण

पानं फुलोरा यायच्या आधी, सकाळी दव वाळल्यावर तोडा. एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशाहून जास्त नको. बेळगाव-खानापुरात जून ते सप्टेंबर वाळवायच्या भानगडीत पडू नका, ओलसर हवेत पानं वाळण्याआधी काळी पडतात आणि त्यांवर बुरशी धरते. त्या महिन्यांत ताजी वापरा. वाळवण ऑक्टोबरपासून.

सुगंधी पानं उन्हात घालू नयेत, वास उन्हाबरोबर उडून जातो आणि तो वास म्हणजेच औषध. माळ्यावर किंवा हवेशीर खोलीत चाळणीवर नाहीतर मच्छरदाणीच्या कापडावर एक थर पसरा, रोज उलटा. चार-सहा दिवसांत पान चुरलं की कुरकुरलं पाहिजे आणि देठ तुटला पाहिजे. पाच किलो ओल्या पानांचं साधारण एक किलो होतं. काचेच्या कोरड्या बरणीत भरा, नाव, कुठून तोडलं आणि तारीख लिहा. आठवड्यानं बरणीच्या आत वाफ धरलेली दिसली तर सगळं बाहेर काढून पुन्हा वाळवा. पानं वर्षभर, मुळं दोन वर्षं. पूड मात्र लागेल तेवढीच करा, तिचा वास दोन-तीन महिन्यांत जातो.

वापरात एक साधी रेघ ओढा. तुळस, गवती चहा, आलं, पानओवा, पुदिना ही स्वयंपाकघरातली, रोजच्या चहात किंवा जेवणात जेवढी जातात तेवढी घ्या. दोन कप पाण्याला सहा-सात तुळशीची पानं, बोटभर गवती चहा, सुपारीएवढं आलं, झाकण ठेवून पाच मिनिटं. झाकण न ठेवता उकळलं तर सगळं घरभर दरवळतं आणि कपात उरत नाही. निर्गुंडीचा पाला गरम करून सांध्यावर शेकायला चालतो, जखमेवर नको. गुळवेल, अडुळसा, अश्वगंधा, शतावरी, ब्राह्मी रोज पोटात घ्यायची असेल तर वैद्यांना दाखवून, मात्रा आणि दिवस ठरवून घ्या. डॉक्टर ‘कुठली औषधं चालू आहेत’ असं विचारतात तेव्हा काढ्याचंही नाव सांगा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या असतील किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर आवर्जून. तीन दिवसांच्या वर ताप, छातीत घरघर, थुंकीत रक्त, लहान मुलाला दम लागणं, यांवर काढा नाही, दवाखाना.

झाडांची वही

शिकण्यासाठी वहीपेक्षा वाळवलेलं झाड जास्त उपयोगी पडतं. फूल असलेली वीतभर फांदी घ्या, दोन वर्तमानपत्रांच्या घडीत पसरा आणि एक पान मुद्दाम उलटं करा, म्हणजे मागची लव, शिरा दिसतात. वर पाट्यासारखं वजन ठेवा. पहिले चार दिवस कागद रोज बदला, दहा दिवसांत वाळतं. जाड कागदावर दोऱ्यानं टाचा. खाली शास्त्रीय नाव, मराठी, कानडी, कोकणी नावं, जागा, तारीख आणि फुलाचा रंग लिहा, कारण वाळल्यावर रंग जातो. एकाच नावाची तीन झाडं आणि एकाच झाडाची तीन नावं असलेल्या आपल्या भागात शास्त्रीय नाव हाच भरवशाचा खुंटा.

हात लावूनही शिका. तुळस, पुदिना, पानओवा यांची कोवळी खोडं बोटांत फिरवा, चौकोनी लागतात आणि पानं समोरासमोर असतात, हे त्यांच्या कुळाचं लक्षण. मोबाइलचं अॅप बहुतेकदा कुळापर्यंत बरोबर नेतं, जातीत चुकतं. तिथून पुढं माणूस लागतो. आयुर्वेद महाविद्यालयांना वनौषधी उद्यान ठेवणं बंधनकारक असतं, बेळगावातल्या महाविद्यालयात परवानगी घेऊन द्रव्यगुण (औषधी वनस्पतींचा अभ्यास) विभागाच्या शिक्षकांना आपला कागद दाखवता येतो. वनौषधींवर संशोधन करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्थाही बेळगावातच आहे. जाताना फूल किंवा फळ असलेली फांदी न्या. नुसतं पान दाखवून जाणकारही नक्की सांगत नाहीत. गुळवेलीला मार्चच्या आसपास पानं झडतात तेव्हा बारीक पिवळसर फुलांचे तुरे येतात, नर आणि मादी वेली वेगळ्या असतात, आणि मादी वेलीलाच नंतर लाल फळं धरतात. तुमच्या वेलीनं अजून फूल दाखवलं नसेल तर तो कागद अर्धाच समजा आणि खोड तोडायचं पुढच्या वर्षावर टाका.